चौकटीवरची पाच बोटं

दोन हजार आठच्या दसऱ्याला ऊर्मिला ऑफिसातून आली ती दारातच थबकली. बाहेरच्या दगडी चौकटीवर, दोन्ही बाजूंना, कुंकवाची पाच-पाच बोटं.

"वाऱ्यानं उडेल म्हणून तेलात कालवलं," सासूबाई हौसेनं म्हणाल्या.

जर्मनीतल्या वाल्डॉर्फजवळच्या गावातलं हे भाड्याचं घर जतन करायच्या वास्तूंच्या सरकारी यादीतलं, दोनशे वर्षांपूर्वीचं. वर राहणाऱ्या घरमालकीण फ्राउ हर्टलाइन यांनी किल्ली देतानाच बजावलं होतं, की चौकटीच्या दगडाला खिळा नको, रंग नको. सोमवारी डेंकमालाम्टचा, म्हणजे जुन्या वास्तूंच्या कचेरीचा, माणूस तपासणीला येणार होता. त्यानंतरच बाई करार वाढवायचं ठरवणार होत्या. ऊर्मिलेला सातवा महिना, नवरा राजस कामासाठी ड्युसेलडॉर्फला. अशात नवं घर कुठे शोधायचं?

तिनं गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन दगड घासघासून घासला. पण तो पडला वाळूचा दगड. तेल आणखीच आत मुरलं आणि ठिपक्यांचे चांगले तळहाताएवढे डाग झाले.

"मी सांगते त्यांना, चूक माझी आहे," सासूबाई म्हणाल्या. मनोरमाबाईंनी सांगलीच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेलं. चुकलं की कबूल करून मोकळं व्हायचं, असा त्यांचा खाक्या. सुनेच्या बाळंतपणासाठी त्या मुद्दाम आल्या होत्या.

"आई, तुम्ही प्लीज मध्ये पडू नका. मी बघते."

तिनं काय बघितलं, तर छत. सोमवारपर्यंत डोळ्याला डोळा नाही.

तपासनीस डागांपाशी वाकला. फ्राउ हर्टलाइन यांचा चेहरा लालबुंद झाला. "हे कुणी केलं?"

ऊर्मिलेनं घोकलेली सगळी वाक्यं पळाली. "माझ्या सासूबाईंनी," ती जर्मनमध्ये म्हणाली, आणि पुढचं तोंडातून निघूनच गेलं. "त्यांना स्मृतिभ्रंश झालाय. हल्ली आपण काय करतो ते त्यांना कळत नाही."

जर्मनचा एक शब्दही न कळणाऱ्या मनोरमाबाई पाठीशीच उभ्या होत्या, पाहुण्यांसाठी चकल्यांची ताटली घेऊन.

"लेप लावून तेल ओढून काढता येईल," तपासनीस शांतपणे म्हणाला. एवढंच होतं ते.

घरमालकीणबाई एकदम निवळल्या. "असं होय, आधी सांगायचंत ना. माझ्या आईचंही असंच झालं होतं. कराराची काळजी नको. फक्त बाळ आलं की ते एकट्या त्यांच्या हाती देऊ नका."

घर राहिलं. ऊर्मिलेला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःची शिसारी आली.

फ्राउ हर्टलाइन यांनी मनोरमाबाईंच्या हातून ताटली अलगद काढून घेतली, त्यांचं कोपर धरलं आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा बोलत त्यांना उंबऱ्यावरून आत नेऊ लागल्या. मनोरमाबाई भिडेखातर हसत चालल्या. मग मागे वळल्या.

"ऊर्मिला, ह्या मला अशा धरून का नेतायत गं?"