हवेशी माझी गाठ घालू नका

मी एक जुना वायू आहे, मित्रांनो, आणि तुम्ही माझं नावही ऐकलं नसेल याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. ब्युटाडाइन! चार कार्बन एका ओळीत, सहा हायड्रोजन, दोन्ही टोकांना दुहेरी बंध आणि मधे एकेरी. इतकी सुबक बांधणी, पण तुम्ही कौतुक करता ते चेंडूचं. अहो, तो चेंडू माझ्याच रबराचा!

माझा जन्म रशियात, व्होल्गा नदीकाठच्या कारखान्यात, बटाट्यांतून. बटाट्यांची दारू गाळायची, तिची वाफ तापलेल्या उत्प्रेरकावरून न्यायची, की मी हजर. कामगार त्या दारूकडे आशाळभूतपणे बघत. माझ्याकडे? छे!

मला सांभाळणं सोपं आहे. नळीतली हवा आधी नायट्रोजनने हाकलायची आणि मला बंद कोपऱ्यात साचू द्यायचं नाही. पण नोव्हेंबरचा क्रांतिदिनाचा सण जवळ आला, की या माणसांना ठरलेलं काम मुदतीआधी उरकून सन्मानफलकावर स्वतःचे फोटो बघायचे असतात. विभागप्रमुख गोर्देई साव्विच म्हणाले, “हवा काढत बसलो तर दुसरी पाळी पुढे जाईल. राहू दे!” राहू दिली. शहाणेच ते!

नळीच्या एका बंद फाट्यात मी हवेसकट अडकलो. हळूहळू तिथे माझे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे पांढरे गोळे वाढले; कोरडे असताना धक्का बसला, की स्फोटच. पोलादी नळी फुगली, झडप हलेना. प्रोखोर फिटरने हातोडा उचलला. सगळ्या दुखण्यांवर त्याला तेवढंच औषध ठाऊक.

“प्रोखोर, खाली ठेव तो!” पाळीची इंजिनिअर तमारा ल्वोव्हना धावत आली.

“एकच टोला, तमारा ल्वोव्हना. लाडात आलीय झडप.”

“त्या टोल्यानंतर तुझी टोपीसुद्धा सापडायची नाही, गाढवा! नळी बघ केवढी फुगलीय!”

गोर्देई साव्विच लालेलाल झाले. “काम थांबवलंत तर फलक विसरा!”

“मग काय, याचा फोटो काळ्या पट्टीत लावायचाय?”

तिने काम थांबवलंच. मला नायट्रोजनने बाहेर काढलं, फाट्यात पाणी भरलं आणि गोळे ओलेच काढायला लावले. ते बघून प्रोखोरने हातोडा पेटीत टाकला.

फलकावर दुसऱ्या पाळीचे फोटो लागले. सगळ्यांनी तमारा ल्वोव्हनाशी बोलणं टाकलं. त्यात प्रोखोरही होता! सणाला बायकोच्या हातचे कोबीचं सारण भरलेले पिरोग हादडत तो तमारा ल्वोव्हनालाच नावं ठेवत होता. खायला तोंड शाबूत राहिलं ते कुणामुळे, हे विचारायची सोय नाही.

मित्रांनो, मला हवा लागू देऊ नका, कोपऱ्यात कोंडू नका. आणि तुमच्यात अशी एखादी तमारा ल्वोव्हना असलीच, तर निदान तिला जेवायला शेजारी बसवा. एवढं तरी जमेल ना?