पांढऱ्या पॉलिशची अक्षरं

माझ्या अक्षराचं कौतुक त्या जुलैपर्यंत फक्त शाळेत व्हायचं. मग अख्ख्या गल्लीत झालं!

गोऱ्या पोलिसांनी आमच्या काळ्यांच्या वस्तीतल्या एका टॅक्सीवाल्याला चौकीत फरफटत नेलं. तो मेला, अशी आवई उठली. मेला नव्हता, पण घरं पाडली जात होती, पोरांना कामं मिळत नव्हती, लोक आधीच धुमसत होते. त्याच संध्याकाळी पहिली काच फुटली आणि दुसऱ्या दिवशी गोऱ्यांची दुकानं लुटली जाऊ लागली.

व्हर्लीनमावशीचं केस सरळ करायचं दुकान आमच्या घराखालीच होतं. आई गेल्यावर मावशीनं मला त्याच दुकानावर वाढवलं. गर्दीला कसं कळणार, की हे काळ्या बाईचं आहे?

मावशी म्हणाली, "जोनेटा, काचेवर 'सोल सिस्टर' लिही. म्हणजे काळी, आपल्यातलीच बहीण आहे म्हणून सोडतील."

चर्चमध्ये दाराशी उभं राहून लोकांना जागेवर नेऊन बसवायचं काम मावशीचं. त्या कामाला घालायच्या पांढऱ्या बुटांचं पॉलिश तिनं माझ्या हातात दिलं. मी हातभर उंच अक्षरं काढली.

समोरच्या सलूनमधून टॉलिव्हरकाका ओरडले, "ए पोरी, माझ्या काचेनं काय पाप केलंय? 'सोल ब्रदर' लिही. आणि ब्रदरला मिशा काढ!"

"मिशांचे वेगळे पडतील, काका."

"मावशीसारखीच लोभी!"

"ऐकतेय मी, टॉलिव्हर!" आतून मावशी.

बाटली रिकामी झाली. दुपारी गर्दी आली, वाचलं आणि पुढे गेली! एकानं तर टोपीला हात लावून सलाम केला. मी वर खिडकीत नाचत होते. पार कोपऱ्यावरून वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी, ऊन उतरायच्या आत, शिरस्त्राणवाल्या गोऱ्या शिपायांचा ट्रक आला. रस्ता रिकामा होता. एका शिपायानं सलूनची काच मोठ्यानं वाचली, पहिलीतल्या पोरासारखी, अक्षराला अक्षर लावून. बाकीचे हसले. मग बंदुका सुटल्या. सलूनवर आणि नंतर आमच्या दुकानावर. शेजारच्या बुटांच्या दुकानावर काही लिहिलेलं नव्हतं. त्याला शिपायांनी हात लावला नाही.

टॉलिव्हरकाका सलूनमध्ये केर काढत होते.

त्यांच्या अंत्यविधीला मावशी दाराशी उभी राहिली. तिच्या पांढऱ्या बुटांवर काळे ओरखडे तसेच होते. काकांच्या बहिणीला तिनं हाताला धरून पहिल्या बाकावर बसवलं.

घरी आलो. काचेच्या जागी फळ्या ठोकलेल्या होत्या.

"मावशी, यांच्यावर लिहू? नीट लिहिते."

"तू नीटच लिहिलं होतंस, बाळा. त्यांना वाचता आलं." तिनं एका फळीवरून हात फिरवला. "आता काही लिहायचं नाही."

"मग बायकांना कसं कळणार दुकान उघडंय ते?"

मावशीनं शेगडी पेटवली, लोखंडी कंगवा तापायला ठेवला आणि दार सताड उघडलं. फुटक्या आरशासमोर मला बसवून माझ्या केसांना तेल लावलं. कंगवा फिरला. तापल्या तेलाचा वास हळूहळू रस्त्यावर गेला.

समोरून कुणीच ओरडलं नाही.