काटा का हलेना

इंजिनाला जोर देणारा टर्बो गेला असेल तर गाडी विकायची, असं नवऱ्याने सुनेला सांगून टाकलं होतं. तिचा त्या गाडीवर भारी जीव. म्हणून तिने टर्बोचा दाब दाखवणारं बूस्ट गेज आणलं, इंजिनापासून डॅशबोर्डपर्यंत मऊ नळी स्वतः ओढली आणि चढावर एकटीच फेरी मारून आली. काटा कसा झोकात वर चढला!

नवऱ्याला दाखवायला निघाली, तर सासूबाई आधीच पुढच्या सीटवर ऐसपैस बसलेल्या. "मला बघू दे, तो काटा उडतो कसा ते."

नवरा मागे बसला. चढ आला, सुनेने ॲक्सिलरेटर दाबला. काटा शून्यावर ढिम्म.

"झालं! गेला टर्बो," नवरा म्हणाला.

"अहो, आत्ता तर चालत होता!"

"तू गप रे," सासूबाई डाफरल्या. "गाडी चढतेय ना झपाझप? मग दाब आहेच. तो इथवर पोचत का नाही? ही नळी येते तरी कुठून गं?"

सुनेने गाडी बाजूला घेतली आणि बोटाने वाट दाखवली. "इथून आत, मग मॅटखालून, आणि..." बोट सासूबाईंच्या टाचेपाशी थांबलं.

"आई, जरा पाय उचलता?"

सासूबाईंनी पाय अधांतरी धरले. गाडी पुन्हा चढाला लागली आणि काटा टुणकन वर गेला.

नवरा हसत सुटला. "आई, तूच बसली होतीस की नळीवर पाय देऊन!"

"मग पाय काय डोक्यावर घेऊन बसू? नळी वरून घ्या. आणि विकायचं नाव काढलंस, तर बघ!"