उस्तादांचं नाक

तापाचं निमित्त झालं आणि उस्तादांचं नाक गेलं. म्हणजे चेहऱ्यावर होतं तिथेच होतं, चांगलं धारदार. पण वासाच्या नावाने ठणठणाट. तीस वर्षं हॉटेलच्या भटारखान्यात काढलेल्या माणसाचं नाक! लोकांना हसू यायचं. बायकोला रडू यायचं.

अशातच उस्तादांनी नासलेला मासा शिजवून पाठवला आणि चार गिऱ्हाइकांना ओकाऱ्या झाल्या. त्यातली एक बाई आठ दिवस दवाखान्यात होती. मालक भला माणूस, ओरडला नाही. "नाक परत आलं की या, जागा तुमचीच," एवढंच म्हणाला. उस्ताद घरी आले ते हॉटेलातल्या चाइव्ह्जच्या तीन कुंड्या उचलून. चाइव्ह्ज म्हणजे कांद्याच्या पातीची नाजूक धाकटी बहीण. ती बारीक चिरून प्रत्येक ताटलीवर शेवटी भुरभुरायची, आणि ती उस्तादांनीच. दुसऱ्या कुणाला कात्री लावू देतील तर शपथ!

डॉक्टर म्हणाले होते, ओळखीचा वास रोज घेत राहा, कधीकधी येतो परत. झालं! खिडकीत ऊन येई तिथे कुंड्या मांडल्या आणि रोज सकाळी तोच खेळ. पात कापायची, बोटांत चोळायची, नाकाशी धरून डोळे मिटायचे. बायको दारात जीव मुठीत धरून उभी. डोळे उघडले की तिला विचारावंही लागत नसे.

दोन बोटं पात ठेवून कापा, मग पुन्हा वाढेपर्यंत हात लावू नका, असं हाताखालच्यांना दम देऊन शिकवणारा हा माणूस. पण धीर कुठला धरवतोय? सकाळची एक पात दुपारपर्यंत मूठभर झाली, मग मातीपासून खरडणं सुरू झालं. दीड महिन्यात तिन्ही कुंड्या मेल्या. उस्तादांनी भिंतीकडे तोंड करून अंथरूण धरलं. दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत.

बायकोने दुकानं पालथी घातली, चाइव्ह्ज कुठेच मिळेना. शेवटी वेड्यासारखी रस्त्याच्या कडेला बसली, दिसायला तसंच बारीक गवत मुळासकट उपटलं आणि घरी आणून एका कुंडीत खोचलं.

"अहो, उठा! फुटवा आलाय बघा!"

उस्ताद उठले. पात तोडली, चोळली, डोळे मिटले. मग एकदम ओरडले, "आला! अगं, आला वास! अगदी तोच!"

बायको काही बोलेपर्यंत या गृहस्थांनी मालकाला फोन लावून सांगितलंसुद्धा, की नाक आलं, उद्या येतो. तिने त्यांचा हात धरला.

"अहो, ते गवत आहे. मीच लावलंय."

उस्तादांनी फोनवर तळहात दाबला. "माहीत आहे," ते हळूच म्हणाले. "चाइव्ह्जची पात पोकळ असते गं. बोटांना लागल्याबरोबर कळलं."

"मग खोटं का बोललात?"

"जाऊ दे मला. पाया पडतो तुझ्या. मासा दुसऱ्या कुणाला हुंगायला लावीन. इथे बसून बसून मरतोय मी."

फोनमधून मालक विचारत होता, "उस्ताद, खरंच ना? वहिनींना द्या बरं, त्यांच्या तोंडून ऐकू दे."

उस्तादांनी फोन पुढे केला. तिला वाटलं, म्हणावं हो, काय व्हायचं ते होवो. पण ती दवाखान्यातली बाई काही डोळ्यांपुढून हलेना.

"नाही हो भाऊजी," ती म्हणाली. "नाही आलेलं." आणि फोन ठेवून ती ढसाढसा रडली.

उस्ताद चिडले असते तर बरं झालं असतं. ते खिडकीशी गेले, आणखी एक काडी तोडून चोळली आणि नाकाशी धरली.

"गवतालाही असतोच ना गं वास?" त्यांनी विचारलं. "कसा असतो? सांग ना."

तिने त्यांच्या हातातली काडी घेतली आणि स्वतःच्या नाकाशी धरली.