चिखल्याचा डावा पाय

माझी आत्या पक्ष्यांवर संशोधन करते. हे ऐकलं की लोकांना वाटतं, तिच्याकडे पिंजऱ्यात पोपट असणार. खरं तर ती गेली अकरा वर्षं शहराच्या कडेच्या एका चिखलाच्या तळ्याशी बसून, थंडीत हजारो मैलांवरून येणाऱ्या पक्ष्यांच्या तंगड्या बघते. हो, तंगड्याच. दोन वर्षांपूर्वी तिने तिथे पन्नास चिखल्या पकडले. चिखल्या म्हणजे मुठीएवढा, चिखलात तुरुतुरु पळणारा पक्षी. प्रत्येकाच्या डाव्या पायात तिने नखाएवढी पिवळी पट्टी अडकवली, पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे, आणि सोडून दिले. पुन्हा आले तर ओळखू यावेत म्हणून.

"आले का गं तुझे पाहुणे?" बाबा दर रविवारी विचारायचे.

"येतील."

"पत्ता दिलायस ना नीट?"

आपण फार विनोदी आहोत असं बाबांना वाटतं. घरात कुणी त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

यंदा मात्र आत्या हसेना. तळं बुजवून तिथे बसगाड्या उभ्या करायचं ठरत होतं. त्याआधी एक अधिकारी पाहणीला येणार होते, आणि त्यांच्या फॉर्ममध्ये नववा रकाना असा होता: 'तेच पक्षी दरवर्षी याच जागी परत येतात काय? अधिकाऱ्याने प्रत्यक्ष पाहिले असल्यासच होय लिहावे.' होय आलं, तर तळं वाचलं. नाही आलं, तर आत्याची अकरा वर्षं बसच्या चाकांखाली. आणि हंगाम निम्मा सरला तरी पिवळी पट्टी एकदाही दिसली नव्हती.

साहेब सकाळी नऊला आले. त्यांच्या पँटची इस्त्री इतकी कडक होती की तिच्या धारेवर काकडी चिरता आली असती. मी मनात त्यांचं नाव इस्त्रीसाहेब ठेवून टाकलं.

"मॅडम, फॉर्म एक वाजता जमा करायचाय," बांधावर रुमाल पसरून बसत ते म्हणाले. "दाखवा काय ते."

दहा वाजता मला तो दिसला. मला! आत्या हे सांगताना "आम्हाला दिसला" म्हणते, म्हणून इथे नोंदवून ठेवते. तीसेक चिखल्यांचा थवा समोर उतरला, आणि उतरता उतरता एकाच्या डाव्या पायाशी पिवळं चमकलं.

"आत्या! पट्टी!"

आत्याने दुर्बीण वळवेपर्यंत स्वारीने तो पाय उचलून पोटाच्या पिसांत खुपसला, मान पाठीत घातली आणि झोपून टाकलं. एका पायावर. उजव्या.

इस्त्रीसाहेबांनी दुर्बिणीला डोळा लावला. "कुठाय पट्टी?"

"डाव्या पायात."

"याला डावा पाय नाहीये."

"आहे हो, साहेब. वर घेतलाय," आत्या म्हणाली. "अंगातली ऊब जाऊ नये म्हणून असे झोपतात ते."

"मग खाली कधी ठेवतो?"

"त्याच्या मनात येईल तेव्हा."

अकरा वाजले. मध्येच तो हलला. आम्ही तिघंही पुढे वाकलो. स्वारी एका पायावर टुण टुण उड्या मारत दोन हात पुढे गेली आणि पुन्हा झोपली. डावा पाय जिथल्या तिथे, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवल्यासारखा.

"लंगडाच आहे हो हा," इस्त्रीसाहेबांनी खिशातून पेन काढलं. "मी 'नाही' लिहितो."

"थांबा ना, काका!" मी म्हणाले.

"मग एक टाळी वाजवू का? जागा होईल."

"अजिबात नाही!" आत्याचा आवाज एकदम करडा झाला. "किती दिवस उडून आलाय तो, ठाऊक आहे? तुम्ही इतके दिवस चालत आला असतात, जरा डोळा लागला असता, आणि कुणी कानाशी टाळी वाजवली असती तर?"

"मी लेखी तक्रार केली असती."

"तो कुणाकडे करणार?"

साहेबांनी पेन परत खिशात ठेवलं. पावणेबाराला दुर्बिणीवरून डोळा काढत म्हणाले, "पण एका पायावर इतका वेळ म्हणजे कमाल आहे."

इथे मी घोळ घातला. मी म्हणाले, "जमेल का तुम्हाला?"

"मला? शाळेत कवायतीत पहिला नंबर असायचा माझा."

आणि ते खरंच उभे राहिले. बांधाच्या कडेला, उजव्या पायावर, हात पसरून, चेहरा पदक घेताना असतो तसा. मी मनात आकडे मोजत होते. बावीसला हात विमानासारखे तिरपे झाले. चोवीसला ते तळ्यात होते.

फर्रर्र! सगळा थवा उडाला.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर परवडलं असतं, पण तिने नुसती वही मिटली. मला तिथेच चिखलात तोंड खुपसावंसं वाटलं, पण तिथे आधीच इस्त्रीसाहेब होते. उभे, पण गुडघ्यापर्यंत रुतलेले.

"अहो, हात द्या कुणीतरी!"

मी पुढे झाले आणि डोक्यावरून सूं आवाज आला. थवा एक गिरकी घेऊन परत येत होता. साहेब एकटेच तळ्यात होते, तेही खुंटासारखे. चिखल्यांनी त्यांना खुंटच समजून त्यांच्याभोवती उतरायला सुरुवात केली.

"साहेब, हलू नका!" मी दबक्या आवाजात म्हणाले.

"अगं पण मी खाली चाललोय!"

"मग हळूहळू जा!"

आयुष्यात पहिल्यांदा एका अधिकाऱ्याने माझं ऐकलं. ते पुतळा झाले. झोपमोड झालेला एक चिखल्या भुकेने वखवखल्यासारखा किडे टिपत त्यांच्याकडे पळत आला. दोन्ही पायांवर!

"पिवळी आहे," साहेब ओठ न हलवता म्हणाले. "पी... चार... पुढचा आकडा चिखलात बरबटलाय."

आत्याने वही उघडली. पेन कागदावर टेकवून ठेवलं. चिखल्या साहेबांच्या पहिल्या पावलाने झालेल्या खड्ड्याशी आला. खड्ड्यात पाणी साचलं होतं. तो त्यात शिरला, पंख फडफडवून दोन डुबक्या मारल्या आणि बाहेर आला.

"सहा! पी शेहेचाळीस!"

मी दुर्बिणीतून पाहिलं. पी ४६. अगदी लख्ख.

आत्याने वहीत तो आकडा शोधला. "पट्टी घालताना याने मला दोनदा चोच मारली होती," ती म्हणाली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

इस्त्रीसाहेबांनी शर्टाच्या खिशातला फॉर्म काढला, छातीवर धरला आणि नवव्या रकान्यात होय लिहिलं. मग त्याखाली रेघ मारली. मग आणखी एक मारली. साडेबारा झाले होते.

"आता ओढा मला."

आत्याने साहेबांकडे पाहिलं. त्यांच्या गुडघ्याशी पी ४६ एक लांबलचक अळी ओढून काढत होता.

"साहेब, तो जेवतोय हो," ती म्हणाली.

साहेबांनी मान खाली करून बराच वेळ अळीकडे पाहिलं. मग अलगद, कोपरसुद्धा न हलवता, फोन काढला.

"हॅलो, ऑफिस? फॉर्म तयार आहे, पण मला यायला उशीर होईल," ते कुजबुजले. "नाही, गाडी नाही बिघडली... अरे, हळू बोल! समोर जेवण चाललंय."