चव्वेचाळीस पुड्या

दहा नंबरच्या आजोबांच्या दंडाला पट्टा गुंडाळून सिस्टरांनी फुगा दाबायला घेतला, आणि नेमका तेव्हाच त्यांच्याच खिशातला फोन थरथरला.

"बघा की कोणाचा आहे," आजोबा म्हणाले.

"बोलू नका. बीपी चुकतं."

"माझं की तुमचं?"

सिस्टरांनी फुग्यातली हवा सोडली. वॉर्डात फोन आणायचा नाही, हा नियम त्यांचाच. सव्वीस वर्षांत किती शिकाऊ पोरींना त्यावरून फैलावर घेतलं असेल, गणती नाही. आणि आज सकाळपासून तोच फोन खिशात घालून त्या चोरासारख्या वावरत होत्या. त्यांची एकुलती एक लेक, जिने आजवर एकटीने साधी रात्रीची बस पकडली नव्हती, ती दोन विमानं करून परदेशी शिकायला निघाली होती. उतरल्याचा निरोप नऊ वाजताच आला होता. 'बाहेर पडले की फोन करते.' आता साडेदहा वाजून गेले होते.

त्यांनी आजोबांच्या कागदावर आकडा लिहिला आणि औषधांच्या खोलीत शिरून दार ओढून घेतलं.

"आई, बोलू शकतेस?" लेकीचा आवाज हळू होता. "मला बाजूच्या खोलीत बसवलंय. तपासणीवाल्यांनी बॅग उघडली. तुझ्या पुड्या सापडल्या."

"सापडल्या म्हणजे? मी काय लपवल्या होत्या?"

"आई, चव्वेचाळीस आहेत! सगळ्यांत सुट्ट्या गोळ्या. ना औषधाचं नाव, ना कंपनीचं. वर नुसते सूर्य आणि चंद्र. त्यांना वाटतंय, मी विकायला आणल्यात."

सिस्टरांनी मागे हात नेऊन कपाटाचा आधार घेतला.

वॉर्डातून घरी निघालेल्या, वाचता न येणाऱ्या पेशंटला त्या अशाच पुड्या बांधून देत. अर्धा सूर्य म्हणजे सकाळी, पूर्ण सूर्य दुपारी, चंद्र रात्री. लेकीची रोजची थायरॉइडची गोळी, शिवाय ताप, पोट, सर्दी, अंगदुखी. बॅगेचं वजन मर्यादेबाहेर जात होतं, म्हणून दोन संध्याकाळी कात्री घेऊन बसून त्यांनी सगळ्या गोळ्या पाकिटांतून सोडवल्या, पाकिटं केरात टाकली आणि पुड्या बांधल्या. पदवीला पहिली आलेल्या पोरीसाठी त्यांनी सूर्य-चंद्र काढले होते! हाताचं वळण. डोक्याला विचारलंच नव्हतं.

"परत पाठवतील का गं?"

"अजून तसं म्हणाले नाहीत. विचारतायत नुसतं."

"दे त्यांना फोन. मी सांगते, मी स्टाफ नर्स आहे, माझा नोंदणी क्रमांक..."

"नको, आई. तू बोलायला लागलीस की आपण दोघी अडकू. मी बघते. ठेव फोन."

आणि तिनेच ठेवला.

सिस्टर खोलीतून बाहेर आल्या त्या पांढऱ्याफटक. दोन वर्षं लेकीने जिवाचं रान केलं होतं. परीक्षा, अर्ज, शिष्यवृत्तीची मुलाखत, पुन्हा मुलाखत. एवढा डोंगर पोरीने चढायचा आणि अगदी दारात आईनेच तिच्या पायात पाय घालायचा?

बारा वाजले, औषधांची वेळ झाली, तरी पुन्हा फोन नव्हता. सिस्टरांनी ट्रे उचलला, क्षणभर हातात धरला आणि धाकट्या सिस्टरपुढे केला.

"आजची तू वाट."

"मी? एकटी?"

"माझं डोकं ठिकाणावर नाही. असल्या डोक्याने गोळ्यांना हात लावायचा नाही. मी मागून येते, फक्त बघायला."

धाकटी बघतच राहिली. आजवर या ट्रेला दुसऱ्याचा हात लागला, तर मोठ्या सिस्टर आठवडाभर ऐकवत.

फरशी पुसणाऱ्या मावशींनी फडका पिळला आणि हळूच विचारलं, "काय झालं, बाई?"

सिस्टरांनी दोन वाक्यांत सांगितलं. "परत आली तर माझ्यामुळे, मावशी."

"येते कशाला परत? लहानपणी शाळा सुटली की इथंच त्या टेबलाखाली बसून अभ्यास करायची ना? पाच नंबरचा पैलवान सुईला घाबरून बोंबलत होता, तर बाहेर येऊन म्हणाली, 'काका, मला पाढे पाठ करायचेत, जरा हळू रडा.' गप्प झाला बिचारा. तिथला साहेब किती वेळ टिकतोय, तेच बघायचं."

सिस्टरांना हसू आलं नाही. पण रोखून धरलेला श्वास तेवढा सुटला. धाकटीच्या मागे त्या खाटेखाटेपाशी थांबत गेल्या. पोरगी नाव विचारत होती, कागद बघत होती, मगच गोळी देत होती. एकदाही चुकली नाही.

शेवटच्या खाटेपाशी फोन वाजला. या वेळी त्यांनी सगळ्यांदेखत घेतला.

"सुटले, आई! बाहेर आलेय."

"कशी गं?"

"थायरॉइडसाठी डॉक्टरांची शिक्क्याची चिठ्ठी घेतली होती मी. आणि तू कात्री चालवत होतीस ना, तेव्हा पाकिटांचे फोटो काढून ठेवले होते."

"का?"

"नियम वाचले होते. सुट्ट्या गोळ्यांवरून अडवतात."

"मग तेव्हा तोंड शिवलं होतंस का?"

"तू इतकी मन लावून सूर्य काढत होतीस. म्हटलं, नंतर गुपचूप काढून ठेवू. मग नाही काढवल्या."

सिस्टर स्टुलावर टेकल्या.

"थायरॉइडच्या तेवढ्या परत दिल्या," लेक सांगत होती. "बाकीच्या टाकल्या. तो साहेब शेवटी विचारत होता, ही चित्रं कोणाची. म्हटलं, आईची. तर म्हणाला, चंद्र जरा कललाय."

आता मात्र सिस्टर हसल्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, भर वॉर्डात. दहा नंबरच्या आजोबांनी शेजारच्याला कोपर मारलं, "उतरलं बघा बीपी."

"डोकं दुखतंय का तुझं?" हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं.

"ठणकतंय. झोपले की थांबेल."

कुठली गोळी, किती वाजता, पोटात काय घालून, सगळं सिस्टरांच्या जिभेच्या टोकावर आलं होतं.

"झोप मग," त्या म्हणाल्या.

अडीचला ड्यूटी संपली. फाटकाबाहेर बस सुटायच्या बेतात होती. इतकी वर्षं त्या ही बस धावत पकडत आल्या होत्या. आधी लेकीची शाळा सुटायची म्हणून, मग तिचा क्लास असायचा म्हणून, आणि नवरा गेल्यावर, पोरगी येईल तेव्हा घराला कुलूप दिसू नये म्हणून.

कंडक्टरने दारातून हाक मारली, "या, ताई! तुमच्यासाठीच थांबलोय."

"जा तुम्ही," सिस्टर म्हणाल्या. "मी मागच्या बसने येईन."

बस गेली. त्या थांब्याच्या बाकावर बसल्या, चपला काढल्या आणि उन्हात पाय लांब केले.