तिरकी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. विमानांना आकाशातली वाट सांगणाऱ्या खोलीत माझे आयुष्य गेले. सुताराने माझ्या अंगावर खाचा पाडल्या. एका खाचेत एक कागदी पट्टी आणि एका पट्टीवर एक विमान, म्हणजे त्याचा क्रमांक, वेळ आणि उंची. समुद्रावर रडार पोचत नसे. वैमानिक खरखरत्या रेडिओवरून ठावठिकाणा सांगत आणि खोलीतले सर्वांत जुने नियंत्रक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, तो पेन्सिलीने पट्टीवर लिहीत. नवे कोणी आले की मास्तर माझ्यावर थाप मारून कौतुक करीत. मी फुगून जाई.

मास्तरांची एक खूण होती. दोन विमाने एकाच उंचीवर समोरासमोर येणार असली की ते एकाची पट्टी तिरकी करीत. याला वेळेत खाली उतरवायचे, असा तिचा अर्थ.

मग उपग्रहांचे दिवस आले. विमान आपली जागा आपणच कळवू लागले आणि ती पडद्यावर दिसू लागली. निरोपही लिहून जाऊ-येऊ लागले. महिनाभर पडद्याने आणि मी शेजारी शेजारी काम करायचे ठरले.

"वीज गेली की याची बोलती बंद," मास्तर पडद्याला नावे ठेवीत. "माझी फळी कधी बंद पडलीय का?"

"पण ती बोलते तरी कधी, मास्तर?" दुसऱ्या पाळीच्या बाई हसत.

एका दुपारी मास्तरांनी एक पट्टी तिरकी केली. तेवढ्यात पाळी बदलली. बाई खुर्चीत बसल्या आणि मास्तर चहाला गेले. वैमानिकाला निरोप गेलाच नव्हता. बाईंची नजर पडद्यावर, आणि खूण माझ्या अंगावर!

दोन विमाने, दोन्ही पस्तीस हजार फुटांवर. भिंतीवरचा काटा पुढे सरकत होता. मला सगळे कळत होते, पण ओरडू कशी?

अचानक पडदा किंचाळला. दोन ठिपके लाल झाले. बाईंनी झरझर निरोप लिहिला, "लगेच एक हजार फूट खाली या." उत्तर येईना. मग अक्षरे उमटली, "समजले, उतरतो." आकडा हळूहळू चौतीस हजारांवर आला.

मास्तर कप घेऊन दारात उभे होते. त्यांची नजर तिरक्या पट्टीवर गेली आणि चहा हातावर सांडला.

"चूक माझी," ते म्हणाले. "खूण करून गेलो, सांगून गेलो नाही."

"मास्तर, बसा आधी. हात भाजलाय तुमचा."

त्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने आपल्या चुकीचा अहवाल लिहिला आणि मला खाली उतरवले. आता मी शिकाऊंच्या वर्गात टांगलेली आहे. माझ्यावर एकच पट्टी आहे. ती मास्तरांनी मुद्दाम तिरकीच ठेवली आहे. इथे धूळ बसते. कोणी पुसत नाही, त्याचे दुःख नाही.

मित्रांनो, एवढेच मागते. अर्धे काम दुसऱ्याच्या हाती सोपवाल तेव्हा ते बोलून सोपवा. मी गप्प राहिले, कारण मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.